माळ्यावर चोवीस इंच

३ नोव्हेंबर, रविवार

लिहायला सांगितलंय म्हणून लिहितो. न्यायाधीशबाईंनी मला राग आवरायला शिकवणारा बारा शनिवारांचा वर्ग लावून दिला आणि वर्गाच्या थिबोडोबाईंनी ही वही हातात ठेवली. म्हणाल्या, ‘रोज नाही जमलं तरी चालेल, पण खरं लिहा. शनिवारी तुमच्या पसंतीचं एक पान वाचून दाखवायचं. बाकीची वही तुमची.’ चर्चच्या तळघरात आम्ही सात बाप्ये, शाळेच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले. सातांपैकी एकानेही कधी कुणावर हात उगारलेला नाही. विचारून बघा हवं तर.

मी मात्र मारलं, उगाच खोटं कशाला बोलू? डार्सीला मारलं. कॉरीनचा भाऊ, म्हणजे माझा सख्खा मेहुणा. हॉकीच्या मैदानाबाहेर गाड्या लावतात तिथे, पन्नास माणसांदेखत. जबडा दोन ठिकाणी मोडला त्याचा. सहा आठवडे तारेने बांधलेला होता आणि नळीने सूप पीत होता.

भांडण कशावरून, तर माळ्यावरच्या इन्सुलेशनवरून, म्हणजे घरातली ऊब वर पळू नये म्हणून कागदी चुऱ्याचा थर घालतात त्यावरून. डार्सीचा धंदाच तो. लोकांच्या माळ्यांवर थर घालत फिरतो. म्हणाला, ‘लायल, तुझ्या घराला सोळा इंच पुरे. आधी छतातली भोकं बुजव, वळचण मोकळी ठेव, छपराला श्वास घेऊ दे.’ मी म्हणालो, चोवीस घालीन. तो म्हणाला, ‘अति तिथे माती.’ आणि त्याच दमात म्हणाला, ‘कॉरीनच्या मनगटाला काय झालंय रे?’ आता इन्सुलेशनचं बोलताना मनगट कुठून आलं? माणसाने एका वेळी एका विषयावर बोलावं. माझं डोकं फिरलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं दव गोठलं. मी नगरपालिकेचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवतो, त्यामुळे सकाळी सातला सगळ्या गावाची छपरं मला आधी दिसतात. ज्याच्या घरातली ऊब घरातच राहते त्याचं छप्पर पांढरं. ज्याची वर पळते त्याचं काळं. गावात माणसाची किंमत अशी छपरावरून करतात. आमच्या रस्त्यावर अकरा छपरं पांढरीशुभ्र होती आणि बारावं माझं, काळं आणि ओलं, वर वाफ निघतेय.

शेजारचा म्हातारा बाचिन्स्की फावडं टेकवून उभाच होता. ‘काय लायल, आभाळ तापवतोयस का?’

मी हसलो. हात शिवशिवत होता, पण हसलो. लिहून ठेवतो, थिबोडोबाईंना आवडेल.

ब्रिनचा खोकला जात नाही. नऊ वर्षांची पोर, दोन स्वेटर घालून झोपते. तिच्या खोलीत सकाळी तेरा डिग्री होतं. आता कुणी म्हणू नये की मला घराची काळजी नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

माळा मोजला. वर जायची झडप ब्रिनच्या खोलीतल्या कपाटात आहे, कपाटाच्या फळ्यांवर पाय देत चढावं लागतं. वर चार इंच लाकडाचा भुसा आणि त्यात बावन्न सालची वर्तमानपत्रं. माझ्या आधी इथे राहणाऱ्यांनी सत्तर वर्षं चार इंचांत काढली. थंडी तरी कमी होती की माणसं जास्त घट्ट होती, कोण जाणे.

दुकानात मर्व्हने तक्ता काढून दाखवला. आपल्याकडच्या थंडीला सोळा इंच. सोळाला अठ्ठावन्न पोती, चोवीसला सत्त्याऐंशी. ‘पण चोवीस कुणी घालत नाही बुवा,’ म्हणाला. म्हणूनच मी सत्त्याऐंशी उचलली. गावात सोळा सगळ्यांकडे आहे.

घरी आल्यावर कॉरीन म्हणाली, ‘डार्सी म्हणत होता की...’ मी नुसतं बघितलं तिच्याकडे. ती बटाटे सोलायला लागली. पाचजणांना पुरतील एवढे सोलले.

१७ नोव्हेंबर, रविवार

झालं काम. भाड्याचं मशीन अंगणात, त्याचा लांब पाइप ब्रिनच्या खिडकीतून कपाटात आणि तिथून माळ्यावर. कॉरीन खाली पोती फोडून कागदी चुरा मशीनमध्ये टाकणार, मी वर पाइप धरून तो उडवणार. मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून सगळे ठोक्यांवर काम करतात. पाइपवर हातोडीचा एक ठोका म्हणजे सोड, दोन ठोके म्हणजे थांबव. खालच्याने पाइपला हात लावून ठेवायचा, म्हणजे ठोका हाताला कळतो. दुधखुळ्यालाही जमेल.

एकसष्टाव्या पोत्याला मी दोन ठोके दिले. ती थांबली नाही. पुन्हा दोन. चुरा माझ्या तोंडात, नाकात, डोळ्यांत. गुदमरलो मी तिथे. खाली आलो तर बाईसाहेब पोतं मशीनमध्ये अडकलंय म्हणून ते ओढत बसलेल्या, हात पाइपवर नाहीच. पाइप माझ्या हातात होता, त्याचं लोखंडी तोंड तिच्या खांद्याला लागलं. मग अजून एकदा लागलं. तिने माफी मागितली. मी म्हटलं, जाऊ दे, काम पुरं करू. आणि केलं आम्ही पुरं. दिवस मावळायच्या आत सत्त्याऐंशी पोती.

वळचणीपर्यंत ठासून भरलं. डार्सीची मोकळी जागा गेली खड्ड्यात. एवढा पैसा ओतून कडेने वारा कोण आत घेईल? दर सहा फुटांवर वाशाला मापाची पट्टी ठोकली. झडपेतून डोकं काढलं की सगळीकडे एकच आकडा दिसतो. चोवीस.

ब्रिनने संध्याकाळी विचारलं, ‘बाबा, वर उबदार असतं का?’

म्हटलं, ‘वेडे, वर थंडीच. पण त्या चुऱ्यात शिरून बसलं तर गोधडीसारखं.’

ती बराच वेळ छताकडे बघत होती. हुशार आहे पोरगी, माझ्यावर गेलीय.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

उणे एकोणीस. माझं छप्पर रस्त्यात सगळ्यांत पांढरं. बाचिन्स्कीच्या घरासमोर ट्रक मुद्दाम थांबवला. त्याने टोपीला हात लावला. बस, एवढंच हवं होतं.

आणि घरात काय शांतता! काल वारा नव्वदने वाहत होता, बाचिन्स्कीचा पत्रा उडाला, आम्हाला पत्ता नाही. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. पूर्वी जरा आवाज चढला की म्हातारी बाचिन्स्कीण केक घेऊन दारात हजर, ‘सगळं बरं ना?’ करत. या आठवड्यात एकदाही फिरकली नाही. काल चढला होता आवाज, तरीही.

३० नोव्हेंबर, शनिवार

वर्गात छपराचं पान वाचलं. बाकीचे आपापल्या बायकांची रडगाणी वाचतात. माझं पान सगळ्यांना आवडलं. थिबोडोबाई म्हणाल्या, ‘घराबद्दल छान लिहिता, लायल. घरातल्यांबद्दलही लिहा कधी.’ लिहितोच की.

८ डिसेंबर, रविवार

छपरावर काळा डाग!

ट्रकमधून उतरलो आणि बघतच राहिलो. शुभ्र छपरावर धुराड्याच्या शेजारी, ब्रिनच्या खोलीच्या वर, अंथरुणाएवढा काळा डाग. बर्फ वितळून खालच्या कडेला सुळे लोंबतायत. चोवीस इंच घालून! सगळ्या रस्त्याने बघितलं असणार. बाचिन्स्कीच्या खिडकीचा पडदा हलला.

म्हणजे पोत्यांत माल कमी होता. दुसरं काय?

९ डिसेंबर, सोमवार

मर्व्हच्या दुकानात गेलो. शांतपणे बोलणार होतो. मर्व्ह म्हणाला, ‘पोती मोजून दिलीत, लायल. कुणीतरी वर चालत असेल. पाय पडला की चुरा दबतो.’ माझ्या घरात माझ्या माळ्यावर कोण चालणार? म्हणजे मी खोटारडा? चोराच्या उलट्या बोंबा. खिळ्यांचे डबे होते काउंटरवर, ते खाली आले. मग मर्व्हची कॉलर हातात आली. त्याचं डोकं मागच्या फळीवर आपटलं, थोडं रक्त आलं, फार नाही. दोघा गिऱ्हाइकांनी मला धरलं. मर्व्ह तक्रार करणार नाही म्हणाला. शाळेत एका बाकावर होतो आम्ही. मला पुन्हा दुकानात पाय ठेवू नकोस म्हणाला, बस.

हे पान शनिवारी वाचायचं नाही.

घरी आल्यावर अंगात आग होती. स्वयंपाकघरात कपाटाची दोन दारं निखळली. दोघी कुठे दिसेनात. दारात दोघींचे बूट तसेच. बाचिन्स्कींकडे सपाता घालूनच पळाल्या असतील. मी चिडलो की या अशा नाहीशा होतात, तास-दोन तासांनी परत येतात. माझंच घर मला खायला उठतं. मलाही वाईट वाटतं, पण ते कुणाला विचारायचं नसतं.

१५ डिसेंबर, रविवार

सापडलं!

आज कॉरीन आणि ब्रिन चर्चला गेल्या तेव्हा माळ्यावर चढलो. धुराड्याच्या आडोशाला चुऱ्यात खड्डा. झडपेतून दिसत नाही, विटांच्या मागे आहे. चुरा बाजूला सारून, दाबून, छान घरटं केलंय. तळाशी आमचा जुना गालिचा. आणि त्यात काय काय! विजेरी, खाऱ्या बिस्किटांचा पुडा, पाण्याची बाटली, ब्रिनचा एक हातमोजा, ट्रकची जादा चावी (महिनाभर शोधतोय मी!), आणि बिस्किटांच्या डब्यात ब्रिनचा जन्मदाखला.

बदल्या! एवढं साधं डोक्यात आलं नाही. आपल्याकडचा झुपकेदार शेपटीचा डोंगरी उंदीर. घराघरांतून वस्तू पळवतो, आणि एक उचलली की तिच्या जागी दुसरी ठेवतो, म्हणून त्याचं नाव बदल्या. माझ्या बापाचं घड्याळ नेऊन त्या जागी पाइनचं बोंड ठेवलं होतं एकाने. आता हा माझ्या चोवीस इंचांत मजेत राहतोय. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात ते हे. वस्तू तशाच ठेवल्या, म्हणजे त्याला संशय येणार नाही.

माळा आतून सुंदर दिसतो आता. छपरातून आलेल्या एकूण एक खिळ्याच्या टोकाला बर्फाची पांढरी लव आणि फळ्यांवर सगळीकडे चमचम. बोट फिरवलं तर नखभर जाड. डार्सी असता तर त्यातही खोट काढली असती. झडप नीट बसत नाही हे मात्र खरं, कड झिजलीय.

२२ डिसेंबर, रविवार

बापाचा कोल्ह्याचा सापळा काढला. पोलादी जबडा, दोन बाजूंना दोन स्प्रिंगा. उघडताना दोन्ही एकाच वेळी दाबाव्या लागतात, चांगला पायाखाली घेऊन. साखळी तुळईला चार इंची खिळ्याने ठोकली. खड्ड्यात गालिच्याच्या कडेला पुरला, वर चुरा पसरला, मधल्या थाळीवर माझ्या कोटाचं पितळी बटण. बदल्याला चकचकीत दिसलं की हात घातल्याशिवाय राहवत नाही.

कॉरीनला सांगितलं नाही. गेल्या वर्षी एवढुशा उंदरासाठी रडली होती.

२७ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी घरी आलो तर कॉरीनची फोनवर कुजबुज. ‘डार्सी’ असं ऐकलं मी. नाताळ म्हणून काय तो आमच्या घरात शिरणार? फोन भिंतीतून निघाला. जेवणाचं टेबल उलटलं, टर्कीसकट, तिच्या आईने दिलेल्या काचेच्या वाडग्यासकट. कॉरीन म्हणाली, ‘ब्रिन, जा,’ आणि मी तिचे केस धरले तेव्हा ती काहीच बोलली नाही. हेच मला सहन होत नाही. बोल की काहीतरी! मग ती कशी सुटली ते मला नीट आठवत नाही. मी मोरीत तोंड धुवायला गेलो, आलो तर दोघीही नाहीत. बूट दारात.

मी खोल्यांतून फिरलो. हाका मारल्या. ब्रिनच्या खोलीत उभा होतो तेव्हा डोक्यावर आवाज झाला. खाट्. एकदाच. मग काही नाही.

पकडला! एवढा आनंद झाला मला की राग कुठच्या कुठे पळाला. मी ओरडलो, ‘कॉरीन! सापडला बघ बदल्या!’ पण घरात ऐकायला कोण होतं? सापळ्यात अडकलेला बदल्या लहान मुलासारखा किंचाळतो. हा चूं नाही की चां नाही. जागीच गेला असणार. म्हटलं, उद्या बघू. काचा मलाच गोळा कराव्या लागल्या. नंतर हॉकी बघितली, आपण हरलो.

सामना संपत आला तेव्हा दोघी आल्या, मागच्या दाराने असाव्यात. कॉरीनचा उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला. ‘गाडीच्या दारात सापडला.’ तीन बोटं. काळीनिळी, सुजून केळ्यांएवढी. मीच बर्फ लावला, मीच पट्टी बांधली, अगदी हळू. डॉक्टरकडे नेतो म्हटलं तर नको म्हणाली. गाडीची चावी दिवसभर माझ्या खिशात होती. बाचिन्स्कींची गाडी असेल.

ब्रिन माझ्याकडे बघत नव्हती. आईच्या दुखण्याने घाबरलीय.

२८ डिसेंबर, शनिवार

सुट्ट्यांमुळे वर्ग नाही. माळ्यावर गेलो. सापळा मिटलेला, जबड्याला रक्त, चुऱ्यावर रक्त, प्राणी नाही. केसाचा तुकडाही नाही. जबडा उघडून निसटला कसा? दोन स्प्रिंगा एकाच वेळी दाबायला दोन पाय आणि अंगात वजन लागतं. चुऱ्यात ब्रिनचा हातमोजा होता, चावून चावून पार आरपार केलेला. बदल्याचे दात भारी.

पुन्हा लावला. बटण पुसून चकचकीत केलं.

कॉरीनचा हात, माझा सापळा. या आठवड्यात सगळ्यांचंच वाईट चाललंय.

४ जानेवारी, शनिवार

वर्गात बदल्याचं पान वाचलं. खड्डा, गालिचा, बिस्किटं, सापळा, रक्त, हातमोजा, सगळं. मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. वेंडेल म्हणून एक म्हातारा आहे, पूर्वी घोडे वळवायचा, बायको केव्हाच सोडून गेली त्याला. तो खाली बघत म्हणाला, ‘लायल, बदल्या जन्मदाखला डब्यात ठेवून झाकण लावत नाही रे.’

मी म्हटलं, ‘आमच्या भागातले हुशार असतात.’

थिबोडोबाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग विचारलं, ‘खड्डा केवढा आहे?’

‘अंथरुणाएवढा.’

‘आणि त्या दिवशी कॉरीन कुठे होत्या?’

‘शेजारी. गाडीच्या दारात बोटं चेमटली तिची.’

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग माझ्या कामाच्या पाळ्या कधी असतात, शनिवारी इथून निघून घरी पोचायला किती वेळ लागतो, असं विचारत बसल्या. वर्गातल्यांच्या घरी त्या फोन करतात म्हणे, रीतच आहे. म्हटलं, फोन दुरुस्त झालाय, हा घ्या नंबर. माझ्या छपरात एवढा रस आजवर कुणी घेतला नव्हता.

९ जानेवारी, गुरुवार

जेवताना कॉरीनने विचारलं, ‘सापळा पुन्हा लावलास?’

मी तिला सापळ्याचं बोललो नव्हतो. ब्रिनने सांगितलं असेल. ब्रिनला कुणी सांगितलं?

‘लावला,’ म्हटलं.

‘आमिष काय ठेवतोस?’

आमच्यात एवढं बोलणं कित्येक दिवसांत झालं नव्हतं. मी तिला सगळं समजावलं. थाळी, स्प्रिंगा, साखळी, बटण. ‘चकचकीत दिसलं की तो हात घालणारच,’ म्हटलं, ‘स्वभावच आहे त्याचा.’

ती म्हणाली, ‘हो. माहीत आहे मला.’ आणि डाव्या हाताने माझ्या ताटात सॉसेज वाढलं. मला एवढं बरं वाटलं की उगाच डोळ्यांत पाणी आलं. ही माणसं गेली तर मी काय करीन?

१४ जानेवारी, मंगळवार

उणे चौतीस. ट्रकने डार्सीच्या दारासमोर छातीएवढी बर्फाची भिंत घातली. परत येताना आणखी एक थर. तो खिडकीतून बघत होता. बाहेर आला नाही. घाबरतो अजून.

डाग मोठा झालाय.

१९ जानेवारी, रविवार

डाव्या हाताने लिहितोय. वाचता आलं नाही तर नाही.

काल सकाळी वर्गाला निघालो तेव्हा उणे चोवीस होतं. तळघरात असतानाच पश्चिमेचा गरम वारा सुटला, चिनूक. खिडक्या थडथडत होत्या. थिबोडोबाईंनी मला दोन वेळा पान वाचायला लावलं, मग प्रश्न, मग कॉफी. घड्याळाकडे बघत होत्या. बाहेर पडलो तर अधिक नऊ. चर्चचा फलक रस्त्यात उलटा पडलेला, रस्त्यावरून बर्फ पाणी होऊन धावत होता. गाडी एका बाजूने उचलली जात होती.

दार उघडलं तर घरात पाऊस.

बाहेर नाही, घरात. छताच्या दिव्यातून, पंख्यातून, खोल्यांच्या कोपऱ्यांतून. दोन महिने माळ्यावर जमलेली ती सगळी चमचम एका तासात वितळली होती. वळचण मी ठासली होती, घरातून वर चढणाऱ्या वाफेला बाहेर पडायला वाट नव्हती. ब्रिनच्या खोलीचं छत गाभण गाईच्या पोटासारखं खाली आलं होतं. माझ्यादेखत फाटलं. चोवीस इंच ओला कागद तिच्या पलंगावर पडला, धप्पकन, कुणीतरी मेलेलं जनावर टाकावं तसा. पलंग मोडला.

मी किंचाळलो, ब्रिन! ब्रिन! त्या लगद्यात हात घातले. उपसत होतो. कॉरीन! पलंगाच्या फळ्यांपर्यंत उपसलं. कुणी नव्हतं.

मग दारात गेलो. बूट नव्हते. पहिल्यांदाच बूट नव्हते.

धुराड्याच्या बाजूचं छत अजून शाबूत होतं. कपाटातून वर चढलो. प्रत्येक खिळ्यातून पाणी ठिबकत होतं, मानेवर, डोळ्यांत. मापाच्या पट्ट्या आडव्या पडल्या होत्या. विटांमागे गेलो. गालिचा नाही. विजेरी नाही, चावी नाही, डबा नाही. दोन जणींच्या अंगाचा दाबलेला खळगा तेवढा होता, एक मोठा आणि त्याच्या कुशीत एक लहान.

आणि सापळा. उघडा, मी लावला होता तसाच. थाळीवर माझं बटण नव्हतं. बटणाच्या जागी कॉरीनची लग्नाची अंगठी होती.

मला माहीत होतं तो सापळा आहे. माझ्याच हाताने लावलेला. तरी मी हात घातला.

तीन बोटं. हाड मोडल्याचं ऐकू आलं. साखळी तुळईला, खिळा चार इंची, मीच ठोकलेला. उभं राहायला जागा नाही, एक हात अडकलेला. गुडघ्याने एक स्प्रिंग दाबली की दुसरी वर येई. तासभर तसा होतो, वरून पाणी. फाटलेल्या छतातून, ब्रिनच्या खिडकीतून बाचिन्स्की दिसत होता, अंगणात वाऱ्याने पडलेलं कुंपण उभं करत होता. मी ओरडलो. घसा फुटेस्तोवर ओरडलो, त्याच्या नावाने, देवाच्या नावाने. त्याने मान वळवली नाही. शेवटी दुसऱ्या स्प्रिंगवर कपाळ टेकून अंगाचा भार टाकला तेव्हा सुटलो.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कशात सापडली बोटं? मी म्हटलं, गाडीच्या दारात. तो म्हणाला, दाराने अशी खूण होत नाही. बघितली मी खूण. तिन्ही बोटांवर एका रेषेत, दातेरी. ती खूण मी आधी पाहिली होती. मीच बर्फ लावला होता, मीच पट्टी बांधली होती.

स्प्रिंगा ब्रिनने दाबल्या असतील. अंधारात, मोजे घातलेल्या दोन पायांनी. सव्वीस किलो वजन आहे तिचं. किती वेळा उड्या मारल्या असतील आवाज न करता?

सोळा इंच पुरे होते. डार्सी मनगटाचं विचारत होता.

मी एवढा ओरडलो. कॉरीन नव्हती ओरडली. मी खाली उभा होतो, तिच्याखाली आठ फुटांवर, तिच्या नावाने हाका मारत होतो, सापडला सापडला म्हणून, आणि ती ओरडली नाही.